नसलेल्या पिशवीची तपासणी

"बाई, तू कामून उभी राहिलीस रांगेत?" मी विचारलं, आणि विचारलं ते चांगलं मोठ्यानं.

शाळेच्या ओसरीवर चौदा-पंधरा बायका होत्या. आत चौथीच्या वर्गात मास्तरांची दोन टेबलं जोडून त्यांवर रबरी चादर अंथरली होती. खिडक्यांना माझी एक आणि तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, सुनेची एक अशा साड्या बांधून आडोसा केला होता. पाटोळे सिस्टर एकेकीला आत घेत होत्या आणि मी दारात यादी धरून उभी होते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेआधी कळावा म्हणून ही तपासणी. आमच्या तांड्यावर असलं शिबिर कधी आलं नव्हतं. ते मी आणलं होतं. तीन वेळा आरोग्य केंद्रात खेटे घालून, डॉक्टर मॅडमचं डोकं खाऊन आणलं होतं. त्यामुळे त्या दिवशी मी तांड्याची आशाताई कमी आणि नायकीण जास्त झाले होते.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, सुगलाबाई. गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी तिला बाईच म्हणायची. आमचं घरातलं सगळं बोलणं गोरमाटीतलं. इथं मराठीत लिहितेय एवढंच. मी सतराव्या वर्षी लग्न होऊन आले, तेव्हा चूल, शेण आणि सासू हे तिन्ही कसं सांभाळायचं ते तिनं शिकवलं. माझी बारावी झाली तीही तिच्यामुळे. पेपरच्या दिवसांत माझ्या वाटणीचं पाणी ती भरायची आणि सासूला सांगायची, निर्मलानंच भरलंय.

"दाखवून घ्यावं म्हटलं," बाई म्हणाली.

"काय दाखवतीस? नसलेली पिशवी?"

अख्खी ओसरी हसली. माझी जीभ तांड्यात प्रसिद्ध होती आणि मला त्याचा अभिमान होता. बाईही हसली. पदराचं टोक दातात धरून हसली, पण रांगेतून हलली नाही. हसणं ओसरल्यावर माझ्या कानाशी आली.

"अंगावरून जातंय गं. पाण्यावानी. वास येतो. मधून रगतबी दिसतं."

"कधीपासून?"

"आखाडापासून."

"अशक्तपणा असेल. पिशवीच नाही तर येणार कुठून?" मी यादी तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी धरली. "हे बघ, तुझ्या नावापुढं फुली आहे. पिशवी काढलेल्यांना घ्यायचंच नाही, असं वरून सांगितलंय. घरी आल्यावर लोहाच्या गोळ्या देते."

बाईनं त्या फुलीकडं थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि ओसरीवरून उतरून गेली. मी पुढच्या बाईला हाक मारली.

वरून सांगितलं होतं, हे खोटं नव्हतं. तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर चित्रं दाखवली. गर्भाशयाच्या तोंडाला औषध लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवायचं, असं सगळं समजावलं. एका आशाताईनं हात वर करून विचारलं, पिशवी काढलेल्या बायकांचं काय? शिकवणारे सर म्हणाले, "अहो, घरच पाडलं, आता दाराला कडी लावता काय?" हॉलभर हशा पिकला. त्यात मीही होते.

आणि आमच्याकडं अशा बायका कमी नव्हत्या. तांड्यावर तिशी ओलांडलेल्या दर पाच बायकांत दोघींची पिशवी काढलेली. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. पाळीत पोट धरून कोपीत, फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, पडून राहिलं की खाडा, आणि खाड्यावरून मुकादमाच्या शिव्या. त्यात अंगावर पांढरं जातंय म्हणून शहरातल्या खासगी डॉक्टरकडं गेलं की तो पोटावर यंत्र फिरवायचा आणि म्हणायचा, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. तालुक्यातल्या एखाद्या मास्तरणीला असं कुणी सांगितलं तर ती आणखी दोघा डॉक्टरांना विचारते. आमच्या बायका दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या पिशव्या भरून दवाखान्यात हजर. पुन्हा पाळी नाही, खाडा नाही, कॅन्सर नाही. यात वाईट काय आहे, असं मलाही वाटायचं.

बाईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. सोबत मी गेले होते. खाटेवर बसून ती माझा हात सोडत नव्हती, तर मीच म्हणाले, "काढून टाक बाई. एकदाची भीती जाईल." कागदावर तिचा अंगठा कुठं उठवायचा ते बोटानं मी दाखवलं. पुढं कितीतरी जणींबरोबर मी अशीच गेले. शिकलेली मी एकटीच होते ना.

शिबिर झाल्यावर तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी कागद घेऊन आरोग्य केंद्रात गेले. डॉ. तांबोळी मॅडमनी कागद चाळले आणि त्यांचं तोंड खुललं.

"एकोणतीस बायका! निर्मलाताई, अहो, आमच्या मोहल्ल्यात मी स्वतः शिबिर घेतलं तर सात आल्या. त्यात दोन माझ्या मावश्या."

मी लाजल्यासारखं केलं. मॅडमनी यादी पुन्हा पाहिली.

"पण यादीत तर अठ्ठेचाळीस नावं आहेत. या एकोणीस कोण? घाबरल्या?"

"नाही मॅडम, त्यांची पिशवी काढलेली आहे."

"पूर्ण?"

"म्हणजे?"

"ऑपरेशनची कार्डं पाहिलीत तुम्ही?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू घेतली आणि एक उलटा दुधी भोपळा काढला, वर फुगीर आणि खाली निमुळता. मग निमुळत्या मानेच्या थोडं वर एक आडवी रेघ मारली.

"काही डॉक्टर इथूनच कापतात. लवकर होतं, सोपं जातं. वरचं जातं, खालचं हे तोंड तसंच राहतं. आणि आपण ज्या कॅन्सरची तपासणी करतोय ना, तो होतो या तोंडालाच."

"पण सरांनी सांगितलं होतं की..."

"पूर्ण काढली असेल तर गरज नाही, हे खरं आहे. पण पूर्ण काढली की नाही हे कोण बघणार? या एकोणीसही जणींना तपासायला हवं होतं." मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण पेन त्यांनी खाली ठेवलं. "यातल्या कुणाला काही त्रास आहे? रक्त जाणं, वास येणं?"

"एकीला आहे," मी म्हणाले.

"तिला उद्या नाही, आज आणा. मी चारपर्यंत आहे इथं."

मी निघाले तेव्हा साडेबारा वाजले होते. सात किलोमीटरचा रस्ता, जीप भरेपर्यंत जीपवाला हलेना. पुढच्या सीटवर बसून मी मनात वाक्यं जुळवत होते. बाई, माझं चुकलं. बाई, चल, तुला तपासायचंय. साधीच वाक्यं होती. बाई आणि दीर ज्या ऊसतोडीच्या टोळीत होते ती शनिवारी निघणार होती, म्हणजे दोन दिवस हातात होते. मी स्वतःला सांगत होते की काही बिघडलेलं नाही.

तांड्याच्या वळणावर जीप आली आणि शाळेपुढं ट्रक उभा दिसला. कारखान्यानं घाई केली म्हणून मुकादमानं शनिवारची टोळी गुरुवारीच हलवली होती. ट्रकमध्ये बाजरीची पोती, पत्रे, कळश्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, दोन शेळ्या आणि त्या सगळ्यावर माणसं. निरोपाला निम्मा तांडा जमलेला. कुणीतरी चाकापुढं नारळ फोडला होता आणि पोरं खोबऱ्यासाठी भांडत होती. बाई वर पोत्याला टेकून बसली होती. मला बघून तिला बरं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. न भेटताच जावं लागतंय म्हणून ती खट्टू झाली असणार.

मी ट्रकच्या फळीला हात लावून उभी राहिले. धापा टाकत होते. ओसरीवरच्या सगळ्या बायका तिथं होत्या, काही खाली, काही वर. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी तोंड उघडलं, आणि जे बाहेर पडलं ते असं:

"बाई, जरा खाली ये. एका सहीचं काम राहिलंय."

"मला कुठं सही येती?"

"अंगठा गं. सरकारी कागद आहे. दवाखान्यापर्यंत यावं लागेल."

"ओ आशाताई," मुकादम आसाराम पुढून ओरडला, "गाडी लागलीय इथं. अंगठे परत आल्यावर घ्या. बोटं काही झिजत नाहीत तोवर."

बाई माझ्याकडं निरखून पाहत होती. "माझं तर नावच नाही म्हणालीस ना? फुली दाखवली की तू."

"ते वेगळं. तू ये तर खरी."

ट्रकमधून कमळी चव्हाण खिदळली. "अगं, नसलेल्या पिशवीचा अंगठा पाहिजे तिला!"

पुन्हा सगळ्या हसल्या. माझाच विनोद, मलाच परत आला. बाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. इतक्या बाप्या माणसांपुढं हा विषय निघाला होता. तिनं पदर पुढं ओढला.

"राहू दे निर्मले. आल्यावर करू."

माझे थोरले दीर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांना एक शब्द सांगितला असता तर त्यांनी तिला हाताला धरून उतरवलं असतं, तसे ते जीव लावणारे होते. पण आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही. चौदा वर्षांत मी त्यांच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. ही रीत त्या दिवशी मला फार सोयीची वाटली.

ट्रक हलला. मी थोडं अंतर फळीबरोबर चालले. "बाई, उतर गं," मी म्हणाले, पण इंजिनच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नसणार. खरं सांगायचं तर ऐकू जाईल इतकं मोठ्यानं मी ते म्हटलंच नव्हतं. चार वाजता मॅडमना फोन करून सांगितलं, मी पोचायच्या आधीच टोळी निघून गेली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमचा इलाज नव्हता मग." मी हो म्हणाले.

नंतरचे पाच महिने मी फोन करत होते. फोन दिरांचा, म्हणून बोलायचा माझा नवरा. तो सांगायचा, वहिनीला जवळच्या दवाखान्यात दाखवा म्हणतेय निर्मला. तिकडून उत्तर यायचं, दाखवलं, सलाईन लावलं, बरं आहे. कशासाठी दाखवायचं, हे मी त्यालाही पुरतं सांगितलं नव्हतं. ‘जरा तपासून घ्या’ एवढंच. थंडीत एकदा बाई स्वतः फोनवर आली. "उसाची मोळी उचलत नाही आता मी, नुसती बांधते," म्हणाली. "तू सहीचं काय म्हणत होतीस ते राहिलंच बघ." मी म्हणाले, "ते झालं, तू तब्येत सांभाळ."

होळीच्या पंधरा दिवस आधी दिरांनी तिला जीपमध्ये घालून परत आणलं. गेली तेव्हा भरल्या अंगाची होती. जीपमधून उतरली ती दुसरीच कुणी बाई वाटली. जवळ गेले तर तो वास आला.

मॅडमना औषध लावून मिनिटभर थांबावं लागलंच नाही. त्यांनी बघितलं, हात धुतले आणि मला बाहेर बोलावलं. "तोंड ठेवलेलं आहे. पसरलंय. आज जिल्ह्याला घेऊन जा, किरणांचे शेक द्यायला लागतील."

"मॅडम, तेव्हाच आणली असती तर?"

"तेव्हा उपचार सोपा गेला असता. किती सोपा, ते मला आता सांगता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "टोळी निघून गेली होती म्हणालात ना?"

मी मान हलवली. त्यांच्याशीही मला खरं बोलता आलं नाही.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात शेक द्यायच्या खोलीबाहेर लांबलचक बाकडी होती. नंबर यायला दुपार व्हायची. तिसऱ्या दिवशी बाई माझ्या खांद्याला टेकून बसली होती. शेजारी एक बुरखेवाली लेक आपल्या आईला बिस्किट भरवत होती. बाई एकदम म्हणाली, "ट्रकपाशी आली होतीस, ते खरं काय काम होतं गं?"

मी सहीचंच सांगणार होते. सवय झाली होती. पण तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि मला ते जमेना.

"तुला न्यायला आले होते. तपासायला. मॅडमनी त्याच सकाळी सांगितलं होतं, पिशवी काढली तरी तोंड राहतं म्हणून. मी तुला रांगेतून काढलं ते चुकलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली. सगळ्या होत्या तिथं."

मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हसवलंस तेव्हाबी सगळ्या होत्या की."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. हे वाक्य आज बारा वर्षांनीही सोसत नाही.

"चुकलं म्हणाली असतीस, तसंच मोठ्यानं," ती पुढं म्हणाली, "तर उतरले असते मी. अंगठ्यासाठी कोण उतरतं?"

पलीकडं नंबर पुकारला, पण तो आमचा नव्हता.

"अशा आणखी किती आहेत तांड्यात?" तिनं विचारलं.

"अठरा."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून. गाठते एकेकीला."

"एकेकीला नको," बाई म्हणाली. "एकेकीला सांगशील तर गोड करून सांगशील. मी ओळखते तुला."

बाई त्यानंतर सव्वा वर्ष जगली. शेक संपल्यावर मधले काही महिने तिला बरे गेले, भाकरी खाऊ लागली, अंगणात बसू लागली. पुढचं मी लिहीत नाही.

त्याच वर्षीच्या होळीला, शेक चालू असतानाच, टोळ्या परत आल्या होत्या. धुळवडीच्या दिवशी सकाळी नायकाच्या घरापुढं तांडा जमतो, बायका-बाप्ये गोल धरून लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणतात, डफ वाजतो. बाईला दिरांनी उचलून आणून ओट्यावर गोधडीवर बसवलं होतं. दोन दिवसांसाठी दवाखान्यातून सोडलं होतं तिला. डफवाला डफ शेकत होता. बाईनं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं.

मी गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. नायक, मुकादम, दीर, सगळे तिथं होते. दिरांपुढं डोक्यावर पदर होता, तोंड मात्र मी उघडलं. शिबिरात बाई आपल्या पायांनी आली होती आणि मी तिला हसून घालवून दिलं, हे सांगितलं. रक्त जातंय असं तिनं कानात सांगितलं होतं आणि मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, हेही सांगितलं. भोपळ्याचं चित्र हातानं हवेत काढून दाखवलं. ट्रकपाशी मी सहीचं खोटं बोलले, चूक कबूल करायला लाजले, ते सांगताना आवाज फाटला, तरी सांगितलं. मग अठरा नावं घेतली, एकेक, नवऱ्याच्या नावासकट. "तुम्हाला सोमवारी तपासायचंय. मॅडम स्वतः येणार आहेत. ऑपरेशनचे कागद असतील ते घेऊन या. नसतील तरी या."

डफ शेकायचा थांबला होता. दीर माझ्याकडं बघत होते, पहिल्यांदाच सरळ तोंडाकडं. ट्रक हलला तेव्हा ते पुढं बसले होते आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. ते ओट्यावर बाईशेजारी जाऊन बसले आणि त्यांनी डोकं खाली घातलं.

बायकांतून कमळी चव्हाण पुढं आली. चौतिशीची, तीन लेकरांची आई. ट्रकवर खिदळली होती तीच. आता तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"माझ्या ऑपरेशनलाबी तूच आली होतीस सोबत," ती म्हणाली. "काढून टाक, भीती जाईल, असं मलाबी तूच सांगितलं होतंस."

"हो," मी म्हणाले.

मागच्या बायकांना ते ऐकू गेलं नसावं. त्या एकमेकींना विचारत होत्या, काय म्हणाली, काय म्हणाली.

"हो कमळे," मी पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच सांगितलं होतं."